रुपयामागे चार पै : धारवाड जिल्ह्यातल्या खेडेशाळा

धारवाड जिल्ह्यातल्या सरकारी खेडेशाळा शेतसाऱ्यावर पोसल्या गेल्या. मुंबई इलाख्यात 1863 पासून साऱ्याच्या दर रुपयावर एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून जादा घेतला जाऊ लागला आणि 1869 च्या कायद्याने ही पट्टी सक्तीची झाली. त्या आण्याचे दोन हिस्से रस्त्यांसारख्या बांधकामांना आणि तिसरा शाळांना, म्हणजे रुपयामागे चार पै.

त्याआधीही शिक्षण होतेच. गावच्या मठात किंवा देवळाच्या ओसरीवर जंगम अय्या नाहीतर पंतोजी मुलांकडून धुळाक्षरे गिरवून घेई, पाढे म्हणवून घेई आणि हिशेब शिकवी. मोबदला बहुधा धान्यात मिळे, त्यामुळे सुगी बुडाली की गुरुजींचेही पोट बुडे.

पेशव्यांचा हा मुलूख 1818 मध्ये कंपनीकडे आला तेव्हा दप्तर मराठीत, मोडी लिपीत होते. बोली कन्नड असूनही सरकारी शाळांत आधी मराठीच आली. वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने 1830 च्या सुमारास स्वखर्चाने कन्नड शाळा काढली. पुढे शिक्षणखात्यातले रसेल आणि डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांचा विस्तार केला. या भाषाबदलावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शाळेचा खर्च कोण सोसत होते, याची चर्चा मात्र त्या मानाने तोकडीच आहे.

खर्च सोसणारी मुख्यतः काळी जमीन होती. जिल्ह्याच्या पश्चिमेला मलनाडाच्या कडेची भातशेती, तर पूर्वेला नवलगुंदच्या बाजूला ज्वारी आणि कापूस. कुमठा बंदरातून जाणाऱ्या कापसाला ‘कुमठा’ हेच नाव पडले. 1840 च्या दशकात अमेरिकी वाणही येथे रुजला. अमेरिकेत यादवी युद्ध (1861-65) पेटले आणि भाव कडाडले. लोकल फंड नेमका याच तेजीत सुरू झाला.

तरीही तेजीचा लाभ शाळांना थेट झाला नाही. मोजणीनंतर सारा तीस वर्षांसाठी ठरवलेला असे, म्हणून कापूस कितीही महागला तरी चार पै चार पैच राहत. फेरपाहणीत दर वाढले तेव्हाच फंडही वाढला, आणि त्या वेळी भाव उतरले होते. दुष्काळात मात्र झळ तत्काळ बसे: 1876-77 मध्ये साराच थकला. चांगल्या वर्षीही माघ-फाल्गुनात कापसाच्या वेचणीला मुलांचे हात लागत आणि वर्ग ओस पडत.

रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते, ही तक्रार महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. धारवाडसारख्या कोरडवाहू जिल्ह्याला ती चपखल लागू पडते, कारण इंग्रजी शाळा, ट्रेनिंग कॉलेज आणि 1917 चे कर्नाटक कॉलेज, सगळे धारवाड शहरातच झाले. हुबळीला रेल्वे आली, 1885 मध्ये रेल्वेचा कारखाना निघाला आणि शिकलेल्या मुलाला शेताबाहेरही पगार मिळू लागला. साहजिकच वरच्या इयत्तांची वाट हुबळी-धारवाडकडे वळली.

1884 च्या कायद्याने लोकल बोर्डांना अधिकार मिळाले आणि 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. 1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात सामील झाला आणि मुंबईच्या शिक्षणखात्याशी असलेले त्याचे नाते संपले.