दात्याचे दप्तर



इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपाशी संपले. पुढचे सारे शिक्षण विडी कामगारांच्या वस्तीत आणि आपल्या नगरवाचनालयात झाले. युनियनच्या कामाने मला एकच विद्या दिली, ती म्हणजे मालकाची वही वाचण्याची. हजेरीपट, पगारपत्रक, छाट म्हणून टाकलेल्या विड्यांचा हिशेब, हे कागद वाचता वाचता मला कळले की कागद जे सांगतो त्याहून जे सांगत नाही ते पुष्कळ वेळा मोठे असते. त्याच विद्येच्या जोरावर मी आज एका परक्या देशातील, पण तंबाखूच्याच धंद्यातील, एका श्रीमंत दात्याचे दप्तर आपल्यापुढे उघडणार आहे.

त्याचे नाव ज्यूलियन शेक्सपिअर कार. अमेरिकेच्या दक्षिण भागातील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावी, 1845 साली एका व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडील फौजेत साधा शिपाई होता. 1865 मध्ये ते युद्ध दक्षिण हरली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे म्हातारपणी लोक त्याला ‘जनरल’ म्हणत. ही पदवी लढाईतली नव्हे. माजी सैनिकांच्या संघटनेने दिलेली होती. पण लोक ती खरी मानीत आणि जनरलसाहेबही त्यांना अडवीत नसत.

त्याचे नशीब उघडले ते डरहॅम नावाच्या छोट्या गावात. युद्धाच्या अखेरीस या गावाजवळ दोन्ही बाजूंच्या फौजा तह होईपर्यंत थांबल्या होत्या. त्या मुक्कामात शिपायांनी जॉन ग्रीन नावाच्या व्यापाऱ्याची तंबाखूची वखार लुटून फस्त केली. बिचारा ग्रीन बुडालाच असे वाटले. परंतु घरोघर परतलेल्या शिपायांना त्या तंबाखूची चव लागली होती आणि त्यांची मागणीची पत्रे येऊ लागली. लुटीतून अशी गिऱ्हाइकी जन्मल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. ग्रीनने मालावर बैलाचे चित्र छापले आणि ‘बुल डरहॅम’ हा छाप जन्मास आला. ग्रीननंतर हा धंदा ब्लॅकवेल कंपनीकडे गेला, आणि त्यातला एक तृतीयांश हिस्सा कारच्या बापाने मुलासाठी चार हजार डॉलरना घेतला.

कारचे डोके जाहिरातीत चाले. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर त्याने तो बैल रंगवला, वर्तमानपत्रांतून छापला, देशोदेशी पोहोचवला. बैलाने त्याला लक्षाधीश केले. त्यानंतर बँक आली, सूतगिरण्या आल्या, मोज्यांचे कारखाने आले. 1898 मध्ये तंबाखूचा धंदा त्याने विकला, आणि लवकरच तो शेजारच्या ड्यूक घराण्याच्या प्रचंड मक्तेदारीत विलीन झाला. ही मक्तेदारी 1911 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली, पण ती कथा निराळी.

आता त्याचे दान पाहा. कारण दान खरे होते आणि ते लपवून मला माझा खटला जिंकावयाचा नाही. ट्रिनिटी नावाचे एक गरीब कॉलेज कर्जात बुडाले होते. कारने त्याला पैसा दिला, आणि ते डरहॅमला यावे म्हणून बासष्ट एकर जमीन दिली. 1892 साली कॉलेज तेथे आले. 1924 मध्ये ड्यूक घराण्याच्या चार कोटी डॉलरच्या निधीनंतर तेच ड्यूक विद्यापीठ झाले. चार्ली सूंग नावाचा एक चिनी पोरगा कारच्या आश्रयास आला होता. कारने त्याच्या शिक्षणाचा खर्च केला. हा सूंग 1886 मध्ये शांघायला परतला आणि पुढे क्रांतिकारकांचा पाठीराखा झाला. त्याची एक मुलगी सन यत्-सेन यांची पत्नी, दुसरी चँग कै-शेक यांची. डरहॅमच्या तंबाखूचा पैसा असा चीनच्या इतिहासात जाऊन बसला! चॅपेल हिलशेजारच्या गिरणीच्या गावाला त्याने वीज दिली आणि 1913 पासून त्या गावाचे नाव ‘कारबरो’ झाले. ते आजही तेच आहे.

कामगार म्हणून मला आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गोऱ्या कामगारांसाठीच राखून ठेवलेल्या सूतधंद्यात कारच्या मोजे कंपनीने काळ्या कामगारांची स्वतंत्र गिरणी चालवली. 1919 मध्ये तर त्याच्या मुलाने कारखान्यात ‘औद्योगिक लोकशाही’ सुरू केली. कामगारांनी निवडलेले प्रतिनिधिगृह, मुकादमांचे वरिष्ठगृह आणि अधिकाऱ्यांचे मंत्रिमंडळ! जणू वॉशिंग्टनची प्रतिकृतीच. मंदी आली आणि हा मांडव उठला. आपल्यापैकी ज्यांनी संयुक्त व्यवस्थापन समितीवर काम केले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. जेथे तिजोरीची किल्ली मालकाकडेच राहते, तेथे सभागृहे दोन असोत की दहा, कामगाराच्या वाट्याला ठराव येतो आणि निर्णय दुसरीकडे होतो.

असा हा माणूस 1924 साली वारला. त्याच्यामागे राहिले त्याचे कागद: पत्रे, हिशेब, आणि गावोगावी केलेल्या भाषणांची हस्तलिखिते. ही भाषणे त्याला फार प्रिय होती. हे दप्तर चॅपेल हिलच्या विद्यापीठात ‘दक्षिणी ऐतिहासिक संग्रह’ नावाच्या विभागात आहे. 1930 मध्ये हा विभाग स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले संचालक हॅमिल्टन मोटार घेऊन दक्षिणभर हिंडले आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून पेट्याच्या पेट्या कागद गोळा करून आणले. आपल्याकडे राजवाड्यांनी वाई-सातारा भागात वाड्यावाड्यांतून दप्तरे शोधली, त्याची आठवण व्हावी असे हे काम. मात्र एक भेद लक्षात ठेवा. वाडे मालकांचे होते, म्हणून कागदही मालकांचे आले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लिहिण्यास बंदी होती त्यांच्या झोपडीत कोठला माळा आणि कोठली पेटी!

तो संग्रह वाचावयास कोण बसे, हेही पाहण्यासारखे आहे. जॉन होप फ्रँकलिन हे पुढे जगप्रसिद्ध झालेले कृष्णवर्णीय इतिहासकार 1939 मध्ये तरुण विद्यार्थी म्हणून शेजारच्या रॅले शहरातील सरकारी दप्तरखान्यात गेले. गोऱ्यांच्या वाचनदालनात त्यांना बसता येईना. काही दिवसांत त्यांच्यासाठी निराळी खोली काढण्यात आली. पण गोरे नोकर काळ्या माणसाला कागद आणून देणार नाहीत, म्हणून दप्तराच्या किल्ल्याच त्यांच्या हाती दिल्या. तेव्हा गोऱ्या वाचकांनी तक्रार केली की याला आत जाता येते आणि आम्हाला नाही, हा आमच्यावर अन्याय! किल्ल्या परत घेतल्या गेल्या. हेच फ्रँकलिन 1983 मध्ये ड्यूक विद्यापीठात तंबाखूसम्राट जेम्स ड्यूकच्या नावाच्या अध्यासनावर बसले. काळ असा उलटतो, पण आपोआप उलटत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. 2 जून 1913 रोजी चॅपेल हिलच्या विद्यापीठाच्या आवारात दक्षिणेच्या शिपायाचा पुतळा उभारण्यात आला. प्रमुख वक्त्यांत अर्थातच कार. भाषण नेहमीप्रमाणे हौतात्म्याचे, मातापित्यांच्या पुण्याईचे. पण त्यात मध्येच त्याने एक वैयक्तिक आठवण सांगितली. युद्धाहून परतल्यावर तीनएक महिन्यांच्या आत, याच जागेपासून शंभरएक यार्डांवर, एका काळ्या स्त्रीला आपण घोड्याच्या चाबकाने फोडून काढले. तिचे कपडे फाटून चिंध्या होईपर्यंत मारले. कारण काय, तर तिने भर रस्त्यात एका गोऱ्या बाईचा अपमान केला. उत्तरेकडील शंभर शिपायांची पलटण समोर असताना हे सुखाचे कर्तव्य आपण पार पाडले, असे त्याने सांगितले. लज्जेने नव्हे, अभिमानाने सांगितले, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सांगितले.

हे हस्तलिखित दप्तरात शांतपणे पडून होते. 2011 मध्ये एका तरुण संशोधकाने तो उतारा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध केला, आणि तोवर ‘मृत वीरांचे निरुपद्रवी स्मारक’ म्हणवला जाणारा पुतळा लोकांना निराळा दिसू लागला. पुष्कळ आंदोलनांनंतर 20 ऑगस्ट 2018 च्या रात्री जमावाने तो पाडला. त्याच साली ड्यूक विद्यापीठाने आपल्या इमारतीवरून कारचे नाव काढले आणि 2020 मध्ये चॅपेल हिलनेही काढले.

हा एक क्षणिक संताप होता, असेही म्हणता येत नाही. 1894 मध्ये कारच्याच पैशाच्या आधारे जोसेफस डॅनियल्स यांनी एक वर्तमानपत्र विकत घेतले. 1898 मध्ये त्याच पत्राने काळ्या मतदारांविरुद्ध विषारी मोहीम चालवली. त्या वर्षी 10 नोव्हेंबरला विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने निवडून आलेला कारभार उलथून टाकला आणि काळ्या नागरिकांची कत्तल केली. पाठोपाठ कायद्याने त्यांचा मताधिकारही गेला. दानाच्या आणि या कामाच्या रकमा एकाच तिजोरीतून निघाल्या.

आणि तिजोरीत त्या आल्या कोठून? डरहॅमच्या तंबाखूच्या कारखान्यांत पानाची शीर काढण्याचे, सर्वांत धुळीचे आणि कमी पगाराचे काम काळ्या बायांकडे असे. यंत्रावरची स्वच्छ कामे गोऱ्यांकडे. आमच्या गावी तंबाखूच्या धुळीने खोकणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझी आई त्यातलीच. म्हणून हे चित्र समजून घेण्यास मला अमेरिकेस जावे लागले नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी सगळेच असे होते. मी नम्रपणे विचारतो, सगळे म्हणजे कोण? ती मार खाणारी स्त्रीही त्याच काळातली होती. काळाचे मत घ्यावयाचे तर तिचेही घेतले पाहिजे. कोणी उलट म्हणेल, मग सूंगचे शिक्षण आणि कॉलेजची जमीन हे ढोंगच! तेही मला पटत नाही. तो मनापासून देत होता. पण ज्यांनी खाली मान घालून घ्यावे त्यांनाच देत होता; जी मान वर करून रस्त्यात बोलली तिला त्याने चाबूक दिला. दानात आणि चाबकात विरोध नव्हता. दोन्ही एकाच हुकमतीची अंगे होती.

आता त्या स्त्रीविषयी. ती कोण, कोठे राहत होती, त्या रात्री कोणी तिच्या पाठीला तेल लावले? या भाषणात तिचे नावही नाही. तिच्याविषयीची ही साक्ष तिला मारणाऱ्याने, बढाई म्हणून लिहून ठेवली. ती बढाई त्याने मारली नसती, किंवा त्याच्या वारसांनी कागद चाळून ते पान फाडले असते, तर ती घडलीच नाही असे झाले असते.

येथे मला माझ्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनची कचेरी भाड्याची जागा सोडून दुसरीकडे हलली. कपाटभर जुने कागद होते. बायांचे अर्ज, छाटीच्या तक्रारी, कामाच्या वह्यांच्या नकला, संपाच्या वर्गणीच्या पावत्या. नवी जागा लहान. मी म्हणालो, काढून टाका. रद्दीवाल्याने हातगाडी भरून नेली आणि आलेल्या पैशात आम्ही सर्वांनी चहा घेतला. दोनच महिन्यांनी एक म्हातारी आली. तीस वर्षे एकाच कारखान्याच्या विड्या वळल्या होत्या. कारखानदार म्हणत होता, ही आमची कामगारच नव्हे. तिचा अर्ज आमच्याकडे होता, असे ती शपथेवर सांगत होती. होताच. मी तो विकला होता. दावा टिकला नाही. ती मला रागाने एक शब्दही बोलली नाही. एवढेच म्हणाली, “भाऊ, तुमच्याकडं हाय म्हणून मी माझ्याकडं ठेवला नाय.”

मालकाने आपले दप्तर जपले, म्हणून शंभर वर्षांनी मालक सापडला, त्याच्या पुण्यासकट आणि पापासकट. आमचे आम्हीच रद्दीत घातले. कारच्या दप्तराने मला शिकवलेला धडा हा आहे. दात्याचे नाव इमारतीवरून उतरवावे की राहू द्यावे, हा वाद ज्या त्या गावाने करावा. आपण बसलो आहोत त्या सभागृहाच्या दारावरही एक नाव आहे. पण नाव उतरवले तरी ती स्त्री बोलू लागत नाही. तिला बोलते करावयाचे तर कागद राखावे लागतात, आणि तेही वेळेवर.

म्हणून माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर आईची, आजीची जुनी पेटी उघडा. कामाची वही, पगाराची चिठ्ठी, संघटनेची पावती, एखादे पोस्टकार्ड, जे सापडेल ते टाकू नका. आपल्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी एक कपाट यासाठी मोकळे करून देण्याचे मान्य केले आहे. त्यात पहिला कागद मी आज ठेवीत आहे, माझ्या आईची विड्यांची वही. त्यात तिचे नाव आहे, आणि ते तिच्याच नावाने लिहिलेले आहे.