विजयदुर्ग (घेरिया)

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील किल्ला, बंदर व गाव. वाघोटण खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरील भूशिरावर सुमारे १७ एकरांचा हा तिहेरी तटाचा किल्ला उभा आहे. बांधणीचे श्रेय शिलाहार राजा दुसरा भोज याला देतात. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून १६५३ मध्ये घेतला असे रूढ असले, तरी सालाबाबत मतभेद आहेत.

पाहुणे तट पाहून परततात. या ठिकाणाचे खरे बळ मात्र खाडीत आहे. किल्ल्यापासून सुमारे ३ किमी. आत, गिर्ये गावच्या हद्दीत, कातळ खोदून केलेली मराठ्यांची आरमारी गोदी आहे. लांबी सुमारे १०९ मी., रुंदी सुमारे ७० मी. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की गलबते खाडीत आणून शाकारायची, तळ साफ करून डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा शिडे उभारायची, हे आरमाराचे वार्षिक चक्र अशा जागेवाचून चाललेच नसते. ओहोटीच्या वेळी गोदी पाहावी. कातळातली खोदाई तेव्हा नीट दिसते. कोकणातील सागरी इतिहासाचा इतका बोलका पुरावा क्वचितच आढळतो.

मराठ्यांचे आरमारप्रमुख आंग्रे यांच्या काळात येथील गुराबा आणि गलबते पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांना धाक घालीत. गुराबेची नाळ पुढे सखल असे व तीवरून तोफा थेट समोर डागता येत. गलबते हलकी, वल्ह्यांवरही चालणारी, त्यामुळे वारा पडला तरी शत्रूला गाठीत. १७२० मध्ये इंग्रजांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना आणला, १७२४ मध्ये डच आले. दोघेही हात हलवीत परतले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे ॲडमिरल वॉटसन समुद्रातून आणि रॉबर्ट क्लाइव्ह जमिनीवरून चालून आले. तुळाजी आंग्रे तेव्हा पेशव्यांच्या छावणीत वाटाघाटींसाठी गेले होते. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजाला तोफगोळ्याने आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. ही मोहीम पेशव्यांच्या संमतीने झाली आणि तिच्यातील हानी हे मराठी आरमाराच्या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागते. त्याच वर्षीच्या तहाने इंग्रजांनी घेतलेला किल्ला पेशव्यांकडे आला व बाणकोट इंग्रजांना मिळाले. पुढे आनंदराव धुळपांनी येथील आरमार सांभाळले. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पाडाव केले. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला.

किल्ल्याजवळच्या समुद्रातील बुडीत भिंत शत्रूची जहाजे फुटावीत म्हणून बांधली, असे सांगतात. तिच्या कालाबद्दल व हेतूबद्दल एकमत नाही.

हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी येथून लावला, हा समज प्रचलित आहे. त्या वर्षी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ त्यांच्या नावाशी जोडले जातात. दरवर्षी १८ ऑगस्टला येथे हेलियम दिनही साजरा होतो.

गिर्ये येथे रामेश्वर मंदिर आहे.

मुंबई-गोवा महामार्गावरील तळेऱ्याहून सुमारे ५० किमी. रस्ता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविलेल्या १२ मराठा किल्ल्यांत विजयदुर्गाचा समावेश आहे.