डांगे, श्रीपाद अमृत

(१० ऑक्टोबर १८९९ – २२ मे १९९१). भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापकवर्गातील नेते, गिरणी कामगारांचे संघटक, संसदपटू व लेखक. जन्म नाशिक जिल्ह्यातील करंजगाव येथे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात सक्तीच्या बायबल-शिक्षणाविरुद्ध त्यांनी चळवळ केली. पुढे असहकाराच्या काळात शिक्षण सोडले. ‘गांधी विरुद्ध लेनिन’ या त्यांच्या इंग्रजी पुस्तिकेमुळे (१९२१) पिठाच्या गिरणीचे धनिक मालक रणछोडदास लोटवाला यांचे साहाय्य मिळाले. १९२२ मध्ये त्यांनी ‘सोशालिस्ट’ हे साप्ताहिक सुरू केले.

खटले : कानपूर बोल्शेविक कट खटल्यात (१९२४) मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी व नलिनी गुप्ता यांच्यासह त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये सुटका. २० मार्च १९२९ रोजी मीरत कट खटल्यात पुन्हा अटक झाली. या खटल्यात घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, डॉ. गंगाधर अधिकारी, आळवे, कासले अशी मुंबईची मंडळी मोठ्या संख्येने होती; स्प्रॅट व ब्रॅडली हे इंग्रज कार्यकर्तेही आरोपी होते. जानेवारी १९३३ मध्ये डांगे यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात ती तीन वर्षांवर आणली. आरोपींच्या न्यायालयातील दीर्घ जबान्या हे त्या काळच्या कामगार चळवळीच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहे.

गिरणी कामगार युनियन : विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा काटकसरीच्या योजनांविरुद्ध एप्रिल १९२८ मध्ये मुंबईत सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगारांचा हा संप ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. ना. म. जोशी यांच्यासारख्या मवाळ पुढाऱ्यांबरोबर संयुक्त संपसमिती झाली. संपाच्या काळातच गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अध्यक्ष अर्जुन आळवे, सरचिटणीस डांगे. वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. प्रत्येक गिरणीत कामगारांची समिती नेमण्याची तिची पद्धत जॉबरच्या (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या) सत्तेला शह देणारी होती. विणकाम खात्यात अस्पृश्यांना असलेला मज्जाव उठवावा, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला होता. युनियनने हा प्रश्न कितपत लावून धरला, याविषयी मतभेद आहेत. मीरतच्या अटकांनंतर एप्रिल १९२९ चा संप फसला आणि युनियन खिळखिळी झाली.

१९३५ मध्ये सुटल्यावर डांगे यांनी युनियनच्या उभारणीत पुन्हा भाग घेतला. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एकदिवसीय संपात कम्युनिस्ट आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र आले. महागाई भत्त्यासाठीच्या १९४० च्या संपात डांगे यांना अटक होऊन देवळी येथील स्थानबद्धांच्या छावणीत ठेवण्यात आले. १९४३ मध्ये ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे (आयटक) अध्यक्ष झाले; पुढे दीर्घकाळ सरचिटणीस.

विधिमंडळ व संसद : १९४६ मध्ये मुंबई विधानसभेवर निवड. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या अग्रणी नेत्यांपैकी ते एक. १९५७ व १९६७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर. १९६२ मध्ये पराभव.

पक्षांतर्गत वाद : १९६२ मध्ये ते पक्षाचे अध्यक्ष झाले. १९२४ मध्ये तुरुंगातून ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ करणारी त्यांची म्हणून सांगितली गेलेली पत्रे १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती बनावट असल्याचे डांगे यांनी सांगितले. याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बत्तीस सदस्य राष्ट्रीय परिषदेतून बाहेर पडले व पक्ष फुटला. आणीबाणीला दिलेल्या पाठिंब्याचा फेरविचार पक्षाने १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात केला. डांगे यांना तो मान्य नव्हता. १९८१ मध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले.

लेखन : आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या भारतीय समाजाचा आढावा घेणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक (१९४९) गाजले; दा. ध. कोसंबी यांनी त्यावर कठोर टीका केली.

कुटुंब : पत्नी उषाताई यांचे ‘पण ऐकतं कोण?’ हे आत्मकथन प्रसिद्ध आहे. कन्या रोझा देशपांडे १९७४ च्या पोटनिवडणुकीत मध्य-दक्षिण मुंबईतून लोकसभेवर गेल्या.

पक्षनेते म्हणून डांगे यांचे मूल्यमापन वादग्रस्त राहिले. पण गिरणीगणिक समित्यांवर उभी राहिलेली युनियन ही मुंबईच्या कामगार चळवळीला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी होय.