ईडीआय म्हणजे काय? जहाजाच्या आधी त्याची माहिती बंदरात कशी पोहोचते?

न्हावाशेवा बंदरात हजारो कंटेनर घेऊन जहाज येतं. कोणता कंटेनर कुठल्या थरात आहे, त्याचं वजन किती, कशात ज्वलनशील माल आहे, हे टर्मिनलला आधीच माहीत असतं. त्यासाठी कुणी फोन केलेला नसतो. शिपिंग कंपनीच्या कॉम्प्युटरने टर्मिनलच्या कॉम्प्युटरला ठरलेल्या साच्यात संदेश पाठवलेला असतो. यालाच इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, म्हणजेच ईडीआय म्हणतात.

मग साधा ईमेल का नाही? कारण तो माणसाने वाचून पुन्हा टाइप करावा लागतो, आणि चुका तिथेच होतात.

जगभर चालणारा असा एक साचा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा एडिफॅक्ट. त्यात प्रत्येक कामाचा संदेश वेगळा. जहाजावरची मांडणी सांगणारा ‘बॅप्ली’, कंटेनर गेटमधून आत-बाहेर गेल्याचं कळवणारा ‘कोडेको’. दिसायला अधिकची चिन्हं, कोलन आणि आकड्यांची नुसती खिचडी! पण ती आपण वाचावी अशी अपेक्षाच नाही.

ही यंत्रणा बंद पडली तर? 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ सायबर हल्ला झाला आणि मर्स्क या बलाढ्य शिपिंग कंपनीचे कॉम्प्युटर ठप्प झाले. जहाजं शाबूत होती. पण त्यांच्यावर नेमकं काय आहे, हे टर्मिनलना कळेना. न्यू जर्सीत गेटबाहेर ट्रकच्या रांगा लागल्या. न्हावाशेवातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही अडलं. कंपनीने स्वतःच नंतर नुकसानीचा अंदाज दिला: 25 ते 30 कोटी डॉलर.