युरिन, युरिया आणि पाणबुडे

प्राचीन रोममध्ये कुणी स्वतःची ओळख 'ऊरिनातोर' अशी करून दिली असती, तर ऐकणाऱ्याने नाक मुरडलं नसतं. ऊरिनातोर म्हणजे चक्क पाणबुड्या! नदीच्या किंवा समुद्राच्या तळाशी गेलेला माल बुड्या मारून वर काढायचा, हा त्याचा धंदा. तिबेर नदीवरच्या कोळ्यांची आणि या पाणबुड्यांची मिळून एक संघटनाही होती, तिचा उल्लेख असलेला शिलालेख सापडलाय. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातला पंडित व्हारो सांगतो की 'ऊरिनारे' म्हणजे पाण्यात बुडी मारणे.

आता बुडी मारण्याचा आणि लघवीचा संबंध काय? तर पाणी. लॅटिन 'ऊरिना'चं (म्हणजे आपल्या युरिनचं) मूळ बरेच भाषाशास्त्रज्ञ 'पाणी' या अर्थाच्या एका जुन्या इंडो-युरोपीय शब्दात शोधतात. त्याच घराण्यातला आपल्याकडचा सभ्य सदस्य म्हणजे संस्कृत 'वारि'. वारिज, वारिधी वगैरेंमधला. ग्रीक 'ऊरोन' हा मात्र जरा भांडणाचा विषय आहे, काहीजण त्याचं नातं 'वर्षा'शी जोडतात. पाणी म्हणा नाहीतर पाऊस म्हणा, थोडक्यात काय, नको ते नाव घ्यायचं टाळून माणसं हजारो वर्षं 'पाणी'च म्हणत आलीयेत.

आपले वैयाकरणही कमी नाहीत. 'मिह्' या धातूचा अर्थ शिंपडणे आणि मूत्रविसर्जन करणे. त्यावरून प्रमेह, मधुमेह. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे 20 प्रकार सांगितलेत. पण जुने वैयाकरण 'मेघ' हा शब्दसुद्धा याच मिह्-पासून काढतात! (कालिदासाच्या चाहत्यांनी घाबरू नये. आजचे भाषाशास्त्रज्ञ हे दोन वेगळे धातू मानतात, एक धुक्या-ढगाचा आणि दुसरा हा.)

मराठीत 'मूत' बिचारा कधीच वाळीत पडला, आता तो शिव्यांमध्ये राहतो. त्याचा संस्कृत बाप 'मूत्र' मात्र मूत्रपिंडात ताठ मानेने उभा आहे. मग आली लघवी, म्हणजे लघु, लहानसं काम. शाळेत त्याचीच करंगळी झाली. आता लघवीही ऑफिसात चालत नाही, आम्ही वॉशरूमला जातो. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर फंक्शन तेच, फक्त दर दोन पिढ्यांनी रीनेम.

हे सगळं गमतीचं वाटतं खरं, पण माझ्या आजीच्या बाबतीत ते अंगाशी आलं. सत्तरी उलटल्यावर तिला लघवीला जळजळ सुरू झाली. तालुक्याच्या डॉक्टरांकडे दोनदा नेलं, दोन्ही वेळा तिने फक्त "पोटात दुखतंय" एवढंच सांगितलं. समोर पुरुष डॉक्टर, शेजारी मुलगा आणि नातू, ती बोलणार काय? पोटाच्या गोळ्या घेऊन परत. तिसऱ्यांदा थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुणीतरी तपासणी लिहून दिली आणि इन्फेक्शन पार मूत्रपिंडापर्यंत गेलेलं निघालं. आठ दिवस सलाईन. नंतर आईने विचारलं तर म्हणाली, "अगं, कसं सांगायचं ते? काय म्हणायचं त्याला?"

आणि हीच आजी ओसरीवरून गड्याला गावभर ऐकू जाईल अशी विचारायची, "युरिया टाकलास का रे उसाला?"

युरिया हा शब्द ग्रीक ऊरोनवरूनच आलाय. अठराव्या शतकात हा पदार्थ लघवीतून वेगळा काढला गेला आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याला तसंच नाव दिलं. 1828 साली व्होलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत अमोनियम सायनेटपासून बनवला, आणि आता मूत्रपिंडाची गरज उरली नाही असं मोठ्या खुशीत आपल्या गुरूला, बर्झेलियसला, कळवलं. आज कारखान्यात तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो, नायट्रोजन 46 टक्के. लघवीचा त्यात थेंब नसतो, नाव तेवढं तिचं राहिलंय.

आजीला मी हे एकदा सांगितलं होतं. "मेल्या, जेवताना काय बोलतोस!" म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "म्हणजे दुकानदाराला ठाऊक असेल का रे हे?"