अलिबागची चुंबकीय वेधशाळा : वास्तू आणि इतिहास

व्हिक्टोरियाकालीन मुंबई इलाख्यातील सरकारी इमारतींची सामग्री बहुधा ठरलेली असे : काळा दगड अथवा भट्टीची वीट, बिडाचे खांब आणि लोखंडी तुळया. राणीच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, इ. स. १९०४ मध्ये, अलिबागच्या किनाऱ्याजवळ जी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, तिच्या बांधणीला मात्र नेमकी हीच सामग्री निषिद्ध होती. वास्तुकलेच्या इतिहासकारांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. राजाबाई मनोऱ्यासारखा डौल तिच्यात नाही, हे खरे. परंतु बांधकामाचे साहित्य केवळ प्रयोजनावरून ठरल्याचे इतके शुद्ध उदाहरण कोकणात दुसरे क्वचितच सापडेल.

लोखंड वर्ज्य का, हे सांगणे नलगे. विटेचा दोष अधिक सूक्ष्म आहे. चिकणमातीतील लोहाचे कण भट्टीच्या उष्णतेत आपले चुंबकत्व गमावतात आणि वीट निवताना त्या स्थळीच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेने पुन्हा चुंबकित होतात. भिंतीत रचलेली प्रत्येक वीट अशा रीतीने एक क्षीण चुंबकच ठरते. लाव्हारसापासून बनलेल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचीही तीच गत. अलिबागचा हिराकोट ज्या दगडाने बांधला, तो हाताशी असूनही निरुपयोगी होता. म्हणून पोरबंदरचा दगड आणविण्यात आला. त्यास व्यवहारात वालुकाश्म म्हणत असले, तरी तो वस्तुतः चुनखडीचा असून चुंबकीय दृष्ट्या जवळजवळ उदासीन असतो. अशा वास्तूत खिळे, बिजागऱ्या, कड्या यांसाठीही तांबे किंवा पितळच वापरावे लागते. शिवाय चुंबकाची शक्ती तापमानाबरोबर बदलत असल्याने नोंदयंत्रांच्या दालनात उष्णतेचा चढउतार होऊन चालत नाही, आणि छायाचित्रणाने नोंद करावयाची तर तेथे अंधारही हवा. खिडक्यांची शोभा येथे संभवतच नव्हती.

ही वास्तू अलिबागेत येण्याचे कारण मुंबईत घडले. ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १८२६ मध्ये मुंबईच्या कुलाबा भागात वेधशाळा स्थापिली. इ. स. १८४१ पासून तेथे ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध घेतले जाऊ लागले. बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिची सूत्रे सांभाळली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे हे तेथे सहायक होते. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी पृथ्वीवर येऊन आदळलेल्या प्रचंड सौर वादळाची नोंद याच वेधशाळेत झाली. त्या वेळी क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्या नोंदींवरून दिसते.

मुंबईतील ट्राम इ. स. १८७४ पासून घोडे ओढीत असत. ती विजेवर चालविण्याचे ठरताच वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. कारण रुळांतून व जमिनीतून वाहणारा विद्युत्प्रवाह सर्व वेध दूषित करणार होता. मूस यांनी सुमारे तीस किलोमीटर दूर असलेले अलिबाग निवडले आणि तेथील व्यवस्था पूर्ण होईपर्यंत विजेच्या ट्रामी लांबवाव्यात, असा आग्रह धरला. तो मान्य झाला, ही त्या काळच्या सरकारचा विचार करता काहीशी आश्चर्याचीच गोष्ट म्हणावी लागेल. पहिली विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावली. अलिबाग हे तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे ठाणे असल्याने एका कुलाब्याची वेधशाळा दुसऱ्या कुलाब्यात आली, असा नामयोगही जुळला. जिल्ह्यास रायगड हे नाव इ. स. १९८१ मध्ये मिळाले.

स्थलांतराहून महत्त्वाची आहे ती त्याची पद्धती. इ. स. १९०४ ते १९०६ या दोन वर्षांत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले व त्यानंतरच मुंबईतील चुंबकीय नोंदी थांबविण्यात आल्या. दोन्ही स्थळांमधील अंतर आकड्यांत कळल्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी सांधता आली. इ. स. १९७१ पासून ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. इ. स. १८५९ च्या त्या नोंदींचा सविस्तर अभ्यास संशोधकांनी इ. स. २००३ मध्ये प्रसिद्ध केला.