मालमोटारीची तपासणी व सुरक्षित चालन

मालवाहू ट्रक रस्त्यावर आणण्यापूर्वी करावयाची पाहणी आणि तो चालविताना पाळावयाचे नियम. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार प्रत्येक परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दोन वर्षांसाठी, त्याहून जुन्या वाहनास एका वर्षासाठी मिळते. मात्र हे प्रमाणपत्र रोजच्या पाहणीची जागा घेऊ शकत नाही.

निघण्यापूर्वी चालकाने टायरमधील हवा व झीज, चाकांचे नट, दिवे, आरसे, स्टिअरिंग आणि मालाची बांधणी तपासावी. एअर ब्रेकमध्ये कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. म्हणून हवेचा दाब पुरेसा चढल्याशिवाय गाडी हलवू नये, गळतीचा आवाज ऐकावा आणि टाकीत साचलेले पाणी काढून टाकावे.

बोरघाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ड्रम व लायनर तापतात आणि ब्रेकची पकड कमी होते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे अत्यंत धोक्याचे असते. इंजिन बंद केल्यास कॉम्प्रेसर व पॉवर स्टिअरिंगही थांबतात.

थकवा हेही अपघाताचे मोठे कारण आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास होती. कामाच्या तासांची मर्यादा पाळण्याची जबाबदारी चालकाइतकीच मालकाचीही आहे.